पडलेला ऊस उठतो कुठून? प्रकल्पाच्या नोंदी

२ ऑगस्ट

प्रकल्पाचा विषय आज लिहून दिला: ‘एकदलिकित व द्विदलिकित खोडांच्या अंतर्रचनेची तुलना’. हा विषय दरवर्षी कोणीतरी घेतंच. मक्याचं खोड, सूर्यफुलाचं खोड, आडवे छेद, सहा फोटो, बाइंडिंग. मॅडमनी सही केली, पण सही करताना मान काही वर केली नाही. त्यावरून काय ते कळलं.

जोडीदारीण इचलकरंजीहून एसटीने ये-जा करते. ती म्हणाली, मार्क पडतात ना, मग झालं तर.

५ ऑगस्ट

गावाकडं आले. पंचगंगेचं पाणी परवाच पात्रात गेलं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. आमच्या तळातल्या रानात पाणी इशाऱ्याच्या आधीच शिरतं, ते बातमीत कधी येत नाही. ऊस गेल्या दिवाळीच्या आधीची लावण, जात ८६०३२, पुरुषभर उंचीच्या वर गेलेला. आता सगळा गाळानं माखून एका अंगावर आडवा.

आबा बांधावर बसले होते. मला वाटलं नुकसानीचं काढतील. ते म्हणाले, "धा दिसांत बघ, शेंडं उठत्यात. पर बूड न्हाई उठायचं. बूड पडलं ते पडलं."

मी म्हटलं, उजेडाकडं वळतो आबा, सगळीच झाडं वळतात.

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझ्या फीचा हिशेब मनात चालला असावा. "आगं, आमुशाच्या रातीत बी उठतोय. मधल्या सरीत ऊन पोचत न्हाई, तितला बी उठतोय. आन् वाकतोय कुठं? कांड्यात का पेरात? बघितलंयस का कधी?"

नव्हतं बघितलं. जन्म उसाच्या रानात गेला, आणि हे बघितलेलं नाही. पुराआधीच्या वाऱ्यानं पडलेल्या दोन सऱ्या कडेला होत्या, त्यांचे शेंडे आताच वर आले होते. चिखलात गुडघ्यापर्यंत जाऊन पाचट सोलून पाहिलं. कांडं, म्हणजे दोन पेरांमधला भाग, सरळच्या सरळ. बाक फक्त पेरावर, म्हणजे गाठीवर. एका पेरावर थोडा, पुढच्यावर थोडा जास्त, असं करत चार-पाच पेरांत शेंडा आडव्याचा उभा झालेला. वाकलेल्या पेराच्या वरच्या अंगाला एक बारीक पट्टी, आणि तीच पट्टी खालच्या अंगाला फुगून रुंद झालेली. पाचर मारल्यासारखी.

८ ऑगस्ट

विषय बदलून मागितला. मॅडमनी या वेळी मान वर केली. "हे कोणी सुचवलं?" म्हटलं, आजोबांनी. "मग मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव घाल," म्हणाल्या आणि फळ्यावर पेराचं चित्र काढायला लागल्या.

पेर म्हणजे नुसती गाठ नाही. खालून वर मोजत गेलं तर आधी पानाची खूण, म्हणजे पानाचा देठपसारा जिथं खोडाला चिकटलेला असतो ती कडा. तिच्यावर मूळपट्टा: त्यात बारीक ठिपक्यांच्या ओळी आणि एक डोळा. लावण करताना कांडी मातीत गेली की ह्याच ठिपक्यांतून पहिल्या मुळ्या सुटतात. मूळपट्ट्याच्या वर एक अरुंद, फिकट, किंचित नितळ कडं; ते वाढकडं. आणि मग वरचं कांडं.

वनस्पतीत नव्या पेशी तयार होतात त्या विभाजी ऊतीत. शाळेत आपण ती मुळाच्या आणि खोडाच्या टोकाला दाखवतो. गवतकुळात मात्र ती पेरापेराशीही मागे राहते, दोन तयार ऊतींच्या मधे. ऊस, मका, ज्वारी, बांबू सगळे त्याच कुळातले. बांबूचा कोंब इतक्या झटक्यात वर जातो त्याचं कारण हेच: एक टोक वाढत नाही, सगळी कांडी एकदम लांबतात.

म्हणजे उसाच्या प्रत्येक पेरात वाढीची एक कडी राखून ठेवलेली आहे. आमचा प्रश्न एवढाच: त्या कडीत आत असं काय आहे, की कांडं वाकत नाही आणि ती वाकते? आणि बुडातली का वाकत नाही?

१२ ऑगस्ट

कापायला बसलो. ऊस कापणं आणि उसाचा छेद घेणं यांत फार फरक आहे.

साल ब्लेडला दाद देत नाही. सूर्यफुलाच्या खोडाला एक ब्लेड दिवसभर जातं. उसाला पाचव्या कापात धार गेली. सालीच्या पेशींत सिलिका भरलेली असते. रानात हात-मान चिरटून निघते तीही त्याच सिलिकेची करणी, पानाच्या कडेला तिचे बारीक दाते असतात. लक्ष्मीपुरीतून ब्लेडची दोन पाकिटं आणली.

आमच्या लॅबमधले मामा नोकरीला शिपाई म्हणून लागले. आज विभागात त्यांच्याइतका पातळ छेद कोणाचा येत नाही. ते म्हणाले, "ताई, ब्लेड दाबू नका. ओढा. आणि ब्लेडवर कायम पाणी पाहिजे." मग स्वतः एक काप घेऊन वॉच ग्लासात सोडला. तो पाण्यावर तरंगत होता आणि खालची घड्याळाची जाहिरात त्यातून वाचता येत होती. आमचे काप बुडाले. जाड होते.

मामांनीच सांगितलं: आधी तुकडे पाण्यात उकळा, मग ग्लिसरीन आणि अल्कोहोलच्या मिश्रणात आठवडाभर टाका, कडकपणा उतरतो.

१४ ऑगस्ट

कांड्याचा पहिला बरा आडवा छेद. सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीन हे दोन रंग. लिग्निन (पेशीची भिंत टणक करणारं द्रव्य) चढलेल्या भिंती लाल, नुसत्या सेल्युलोजच्या हिरव्या.

बाहेर अपित्वचा, तिच्यावर मेणाचा थर. लगेच आत दृढ ऊतीचा पट्टा, लालभडक, जाड भिंतींच्या मेलेल्या पेशी. मग मूल ऊती, पातळ भिंतींच्या मोठ्या गोलसर पेशी, आणि तीत शिंपडल्यासारखे वाहक वृंद, म्हणजे पाणी आणि रस वाहणाऱ्या नळ्यांचे गठ्ठे. कडेला लहान आणि दाटीवाटीनं, मध्याकडं मोठे आणि विरळ. सूर्यफुलात हेच वृंद एका वर्तुळात असतात आणि त्यांत जाडी वाढवणारी ऊतककराची पट्टी असते. उसात ती नाही. म्हणून ऊस एकदा जेवढा जाड झाला तेवढाच. वर्षाची वलयं वगैरे भानगड नाही.

एकेका वृंदाकडं चाळिसाच्या भिंगातून पाहिलं की माकडाचं तोंड दिसतं. दोन मोठ्या जलवाहिन्या म्हणजे डोळे, खाली प्रथम जलवाहिनी फाटून झालेली पोकळी म्हणजे तोंड, वर कपाळाच्या जागी रसवाहिन्यांचा हिरवा ठिपका, आणि सगळ्याभोवती दृढ ऊतीची लाल कानटोपी. जोडीदारीण हसायला लागली ती थांबेना. तिनं मोबाइलनं फोटो काढून स्टेटसला टाकला.

संध्याकाळी घरी ऊस खाताना हे सगळं तोंडात होतं. दातानं सोललेली साल म्हणजे ती दृढ ऊती. गिळतो तो रस मूल ऊतीच्या पेशींच्या रिक्तिकांमधला, चघळून थुंकतो ते चोयटं म्हणजे वाहक वृंद, टोप्यांसकट. साखर कारखाना हेच मोठ्या प्रमाणावर करतो. चरकातून बाहेर पडतं ते चिपाड म्हणजे लाखो माकडतोंडं.

२३ ऑगस्ट

आठवडा वाया.

वाढकड्याचे म्हणून अठ्ठावीस छेद घेतले, रंगवले, फोटो काढले. प्रत्येकात वर्तुळात गोल गोल गठ्ठे, त्यांना टोप्या, आत नवीन वाहिन्या. मी वहीत मोठ्या आनंदात लिहिलं: ‘वाढकड्यात पेशींचे विशेष समूह आढळतात.’ मॅडमनी भिंगाला डोळा लावला आणि पाच सेकंदांत विचारलं, "मुळं का कापलीत?"

आम्ही वाढकडं समजून मूळपट्टा कापत होतो. ते विशेष समूह म्हणजे मुळांचे अंकुर. दोन पट्ट्यांत अंतर काही मिलिमीटरचं, आणि उकळल्यावर दोन्हींचा रंग सारखाच होतो. चूक पूर्ण माझी. खुणा मी केल्या होत्या, त्याही बॉलपेननं. अल्कोहोलमध्ये बॉलपेन राहतंय थोडंच.

आता वाढकड्याच्या वर आणि खाली सुईनं दोरा ओवून मगच तुकडा कापायचा. लाल दोरा वर, पांढरा खाली. छेदही आडवे घ्यायचे नाहीत, उभे घ्यायचे, म्हणजे मूळपट्टा, वाढकडं आणि कांडं तिन्ही एकाच कापात शेजारी शेजारी दिसतील.

३० ऑगस्ट

उभे छेद निघाले. आज लिग्निनची कसोटी: फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब, दोन मिनिटं थांबून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. लिग्निन असेल तिथं गुलाबी-लाल चढतं. मामांनी बजावलं, "कव्हर स्लिप टाकल्याशिवाय भिंगाखाली नेऊ नका. आम्लाची वाफ भिंग खाते."

वरून सहावं पेर. काप भिंगाखाली सरकवत नेला. मूळपट्टा: तंतूंच्या लाल रेघा. कांडं: लाल रेघा, आणखी गडद. आणि मधे लाल रेघा तुटतात. अचानक. पुलाचा मधला गाळा वाहून गेल्यावर दोन्हीकडं नुसते खांब दिसावेत तसं. वाहक वृंद तिथंही आहेत, पण त्यांच्या टोप्या लाल नाहीत, बिनरंगी चमकतात.

मॅडम म्हणाल्या, टोल्युइडिन ब्लूनं बघा. लिग्निन निळं-हिरवं येतं, लिग्निन नसलेली भिंत जांभळी. टोप्या जांभळ्या आल्या. भिंती जाड आहेत, कोपऱ्यांत जास्त जाड, पण लिग्निन नाही. म्हणजे दृढ ऊतीच्या जागी इथं स्थूलकोन ऊती आहे. अळूच्या देठात जी असते, जिच्यामुळं देठ ताठ राहतो पण वाकवला तर वाकतो, मोडत नाही. दृढ ऊतीची पेशी मेलेली असते, तिला वाढता येत नाही. स्थूलकोन ऊतीची पेशी जिवंत असते. आधारही देते आणि ताणली तर लांबतेही.

जलवाहिन्यांचाही प्रश्न होता. त्या मेलेल्या नळ्या, मग कडं लांबताना फाटत कशा नाहीत? कड्यातल्या वाहिन्यांना आतून सलग अस्तर नाही, कड्या आणि वेटोळी आहेत, पेनातल्या स्प्रिंगसारखी. ओढली की वेटोळी एकमेकांपासून लांब जातात, नळी उघडी राहते. कांड्यातल्या मोठ्या वाहिन्यांना मात्र जाळीदार, टणक अस्तर.

मग बुडाकडचं पेर घेतलं, जमिनीपासून तिसरं. तीच पद्धत, तोच थेंब. लाल रेघ मूळपट्ट्यातून वाढकड्यातून कांड्यात, कुठंही न तुटता, सरळ. टोप्याही लाल.

बूड पडलं ते पडलं.

६ सप्टेंबर

कायमच्या स्लाइड करायला घेतल्या आणि पांढऱ्या पडल्या.

पद्धत सगळी बरोबर: ३०, ५०, ७०, ९० टक्के अल्कोहोल, मग निखळ अल्कोहोल, मग झायलीन, मग काप काचेवर कायमचा बसवणारं डीपीएक्स. झायलीनमध्ये काप टाकला की ताकासारखा ढग. म्हणजे कापात पाणी राहिलंय. पुन्हा मागं जाऊन निखळ अल्कोहोल दोनदा दिलं. पुन्हा ताक.

दोष कापात नव्हता, बाटलीत होता. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, खिडक्यांच्या काचा आतून ओल्या, आणि आमची निखळ अल्कोहोलची बाटली सकाळपासून झाकण उघडं ठेवून टेबलावर. ते हवेतलं पाणी पीत बसतं. मामा म्हणाले, पावसाळ्यात इथं परमनंट स्लाइड करणं म्हणजे धुणं वाळत घालणं. नवी बाटली, घट्ट बूच, वॉच ग्लासवर दुसरी वॉच ग्लास पालथी, आणि शेवटी झायलीनच्या आधी लवंग तेल. लॅबला दाताच्या दवाखान्याचा वास सुटला होता, पण ढग गेला.

१६ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी. काही नाही.

२५ सप्टेंबर

आबांचा अमावास्येचा दावा तपासला. दोन-दोन पेरांचे तुकडे, ओल्या वाळूत आडवे, लॅबच्या लोखंडी कपाटात, दार बंद. पान काढलं नाही. शेंड्याकडचे सहा, बुडाकडचे सहा. पाच दिवसांनी दार उघडलं: शेंड्याकडचे पाच वाकलेले, एक वाळलेला. बुडाकडचे सगळे जसेच्या तसे. दोघांना मात्र मुळ्या सुटल्या होत्या आणि एकाचा डोळा फुगला होता.

म्हणजे उजेडाचा संबंध नाही. वजनाचा आहे. पण वजन कळतं कशानं?

वाकलेल्या पेराचा उभा छेद आयोडीनमध्ये. वाहक वृंदांना लागून पेशींची एक ओळ, तिच्यात पिष्टाचे काळे-निळे कण. नीट पाहायला तासभर गेला, कारण स्लाइड करताना वर-खाली कुठलं ते विसरायला होतं. म्हणून तुकड्याच्या वरच्या अंगाला आधीच खाच पाडली होती. प्रत्येक पेशीत कण एका भिंतीशी गोळा झालेले. खाचेच्या विरुद्ध बाजूच्या. परातीत तांदूळ घेऊन परात तिरकी केली की तांदूळ एका कडेला सरकतात, तसे.

गवतांच्या पेरांबाबत हे माहीत असलेलं आहे: जड कण खाली बसतात, पेशीला दिशा कळते, मग ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या अंगाला जास्त जमतं आणि तो भाग जास्त लांबतो. आम्ही नवं काही शोधलेलं नाही. पण स्वतःच्या रानातल्या उसात डोळ्यांनी बघितलं की वेगळंच वाटतं. जोडीदारीणही आज शेवटची बस चुकवून बसली होती. मार्कांचं तिनं काही काढलं नाही.

४ ऑक्टोबर

मोजमाप. कंटाळवाणं, पण टाळता येत नाही. आयपीसमधल्या पट्टीला स्वतःचं असं माप नसतं. स्टेज मायक्रोमीटरच्या ०.०१ मिलिमीटरच्या रेघांशी तिला जुळवून घ्यावं लागतं, आणि भिंग बदललं की पुन्हा.

सहा वाकलेल्या पेरांचे छेद. वाढकड्यात खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत एका ओळीत किती पेशी ते मोजलं. वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला पेशींची संख्या जवळजवळ सारखी. लांबी मात्र खालच्या अंगाला दुपटीहून जास्त, एका छेदात तिप्पट. म्हणजे निदान आमच्या सहा छेदांत तरी ऊस उठला तो नव्या पेशी करून नव्हे, होत्या त्याच ताणून. मॅडम म्हणाल्या, सहावर ‘सिद्ध झाले’ असं लिहायचं नाही. ‘आढळले’ लिहा.

११ ऑक्टोबर

पूरग्रस्त भागातला ऊस पुन्हा बघितला. दहा दिवस पाण्यात राहिलेल्या तुकड्यातला. पोंगा, म्हणजे शेंड्यातला कोवळा गाभा, गाळानं कुजला तिथं डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) आल्यात. शेंडा मेला की खालच्या डोळ्यांवरचा त्याचा दाब उठतो. पाण्यात राहिलेल्या पेरांना मुळ्यांचे झुपके. त्या मुळीचा आडवा छेद पाहण्यासारखा: मध्यत्वचेत बैलगाडीच्या चाकासारखे आरे आणि आऱ्यांमधे मोकळ्या हवेच्या जागा. चिखलात हवा नसते, म्हणून मुळी आतल्या पेशी मारून स्वतःच हवेचे नळ करते. मधे अंतस्त्वचेचं कडं शाबूत. तिच्या भिंतींत मेणचट पट्टी असते, रॉबर्ट कॅस्पारी यानं १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून कॅस्पारी पट्टी. तिच्यामुळं पाण्याला पेशींच्या फटीतून घुसता येत नाही, जिवंत पेशीतूनच जावं लागतं. सुदान रंगात ती नारिंगी दिसली.

ताडून बघायला रंकाळ्यातून जलपर्णीचा देठ आणला. तो तर नुसता हवेचा स्पंज. त्यात पेशी मरून पोकळी होत नाही, त्या एकमेकींपासून सुटून सुबक खोल्या पडतात, आणि खोल्यांत सुयांसारखे स्फटिक. बोट चोळलं तर खाजतं.

१८ ऑक्टोबर

पान. ह्यावर प्रकरण लिहायचं नव्हतं, पण छेद इतका देखणा आला की राहवलं नाही. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं एक कडं, त्याच्याबाहेर लहान पेशींचं दुसरं. जर्मनमध्ये ह्या रचनेला क्रांझ म्हणतात, म्हणजे फुलांचं कडं. मी वहीत ‘गजरा’ लिहिलंय. बाहेरच्या ओळीत हवेतला कार्बन पकडायचा, आतल्या ओळीत नेऊन त्याची साखर करायची, आणि साखर लगेच शेजारच्या रसवाहिनीत. ह्या दोन टप्प्यांचं कोडं हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ब्रिस्बेनला सोडवलं, तेही उसाच्याच पानावर. ती साखर गजऱ्यातून निघते ती पेरापेरातून उतरत मूल ऊतीत साठते. शेंड्याकडची कांडी अजून वाढत असते, आलेली साखर खर्च करते. बुडाकडची वाढ संपवून बसलेली, ती साठवते. म्हणून शेंडा पाणचट आणि बुडखा गोड. मुळासकट खाऊ नये म्हणतात ते उगाच नाही, मोह तिथंच असतो.

१७ नोव्हेंबर

गुऱ्हाळावर. पाहुण्यांचं आहे, गावाच्या वेशीबाहेर. गेले होते गुळासाठी, निघाला प्रकल्प.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आज मला बघायची होती ती भेंडी. काहिलीत रस उकळायला लागला की गुळव्या भेंडीची झाडं ठेचून भिजवलेलं बुळबुळीत पाणी त्यात सोडतो. थोड्या वेळात रसातली घाण फेसाबरोबर वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकतात. गुळव्याला विचारलं, भेंडीच का? "चिकट हाय म्हून. मळी धरून ठेवती." एका वाक्यात काम तमाम.

भेंडीची दोन खोडं घेऊन लॅबवर आले. आणि इथं तो जुना, दरवर्षीचा द्विदलिकित खोडाचा छेद मला पहिल्यांदा कामाचा वाटला. वाहक वृंद वर्तुळात, मधे ऊतककर, बाहेर तंतूंचे त्रिकोणी गठ्ठे; अंबाडीचा वाख ज्या जागेतून निघतो त्याच जागेचे, कारण भेंडी आणि अंबाडी एकाच कुळातल्या. आणि मध्यत्वचेत आणि भेंडात, म्हणजे खोडाच्या मधल्या मऊ गाभ्यात, मोठमोठ्या पोकळ्या, चिकट द्रवानं भरलेल्या.

पहिले काप पाण्यात घेतले. चूक. चिकट द्रव पाणी पिऊन फुगला, बाहेर आला, काप ब्लेडवरून, चिमट्यातून, काचेवरून घसरत राहिला, आणि शेवटी पोकळ्या रिकाम्या. पुढचे काप अल्कोहोलमध्ये घेतले. त्यात तो द्रव थिजतो आणि जागेवर राहतो. टोल्युइडिन ब्लूमध्ये पोकळ्या गुलाबी-जांभळ्या. काहिलीत मळी धरते ती हीच. रुथेनियम रेडनं आणखी चांगलं दिसलं असतं, पण त्याची किंमत ऐकून मॅडमनी फोन ठेवला.

हे प्रकल्पात कुठं घालायचं? आमच्या प्रश्नाशी ह्याचा संबंध नाही. जोडीदारीण म्हणते परिशिष्टात. घालू.

३ डिसेंबर

तोड आली. टोळी पहाटेच शिरली. मी खुणेचे म्हणून पंधरा उसांना लाल फडकी बांधली होती, मुकादमाला तसं सांगितलंही होतं. सात वाजता पोचेपर्यंत बारा फडकी मोळीत गेलेली. मुकादम म्हणाला, "ताई, लाल फडकं म्हंजे आदी तोडायचं, आसं वाटलं पोरास्नी." तिन्ही उरलेले उपटून घेतले.

वाकडा ऊस तोडणाऱ्यांना आवडत नाही, मोळी नीट बसत नाही. एक बाई मला दाखवत होती, उठलेल्या शेंड्याचं वाढं ती कोयत्यानं तोडतच नाही, हातानं बाक उलटा करते आणि ते काट्कन सुटतं. कुठं? मी तिच्या हातातून घेऊन बघितलं. वाढकड्यावरच. लाल रेघ जिथं तुटते तिथं.

ह्याचा फोटो काढला. तो मुखपृष्ठावर.

९ डिसेंबर

स्लाइडपेटी घेऊन गावी आले, सोबत कॉलेजचं जुनं आरशाचं सूक्ष्मदर्शक, मामांच्या सहीवर. अंगणात उन्हात ठेवलं. आबांना आधी काहीच दिसेना, दोन्ही डोळे मिटत होते. मग दिसलं. सहाव्या पेराची स्लाइड, मग बुडाची, मग पुन्हा सहाव्या पेराची. बराच वेळ बोलले नाहीत.

"हितं कच्चं हाय," ते म्हणाले. "आन् हितं पिकलंय."

मी लिग्निन, स्थूलकोन ऊती वगैरे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. प्रकरण चारचं शीर्षक बदलावं का, विचार करतेय.

मग त्यांनी विचारलं, खोडव्याचा, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला, ऊस लावणीच्या उसापेक्षा लवकर का पडतो, ते ह्यात दिसतं का? नाही दिसत. त्याला मुळं खणावी लागतील. तेवढ्यात मोटारीची लाईट आली आणि ते पाणी पाजायला गेले.

स्लाइड एकूण चौतीस. बऱ्या एकवीस. पाच नंबरच्या कडेला हवेचा बुडबुडा आहे, ती दाखवायची नाही.